स्फटिकावरचं मतदान

१९५७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कसमोर, हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर, होबोकन या गावी पदार्थविज्ञानातल्या जाणकारांची एक बैठक भरली होती. जागा स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. एका मुद्द्यावर वाद रंगला, दोन्ही बाजू हटेनात. शेवटी जॉर्ज ऊलेनबेक यांनी तो मुद्दा चक्क मताला टाकला. मतं साधारण निम्मी-निम्मी पडली.

प्रश्न ऐकायला पोरकट वाटेल. एका डब्यात एकसारख्या आकाराच्या कडक गोट्या आहेत. त्या एकमेकींना ओढत नाहीत, चिकटत नाहीत, आदळल्या की उडतात एवढंच. सगळ्या सतत इकडून तिकडे धावताहेत. डबा हळूहळू आवळत नेला तर या गोट्या आपोआप रांगा धरून स्फटिक बनवतील का? की गोंधळ नुसता दाट होत जाईल?

ऊलेनबेक म्हणजे कुणी सोम्यागोम्या नव्हते. इलेक्ट्रॉनला 'स्पिन' असतो ही कल्पना १९२५ मध्ये त्यांनी आणि सॅम्युअल गाउडस्मिट यांनी मांडली होती. निसर्गाचे नियम बहुमताने ठरत नाहीत हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण पदार्थविज्ञानाच्या या शाखेत असं मतदान एकदा घडूनही गेलं होतं. १९३७ मध्ये व्हान डर वाल्स यांच्या जन्मशताब्दीनिमित्त अ‍ॅमस्टरडॅमला परिषद भरली, तेव्हा वाफेचं पाणी आणि पाण्याचं बर्फ होण्याचा तो नेमका क्षण सांख्यिकीच्या समीकरणांतून निघू शकतो का, यावर हेंड्रिक क्रामर्स यांनी मत घेतलं होतं. हातात ना पुरावा, ना सिद्धता, अशा वेळी जाणत्यांचा कल तरी कळावा, इतकाच त्यामागचा हेतू.

'नाही' म्हणणाऱ्यांची बाजू अगदी समजण्यासारखी होती. पदार्थ गोठतो तो त्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात म्हणून, हे शाळेपासून मनात बसलेलं. व्हान डर वाल्स यांनी १८७३ च्या प्रबंधात वायूचा द्रव का होतो हे रेणूंमधल्या ओढीवरूनच समजावलं होतं आणि त्यासाठी त्यांना पुढे नोबेलही मिळालं. ज्या गोट्यांमध्ये ओढच नाही, त्या कशाच्या जोरावर रांगेत उभ्या राहणार? वर एन्ट्रॉपीचा नियम. एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, आणि निसर्गाची धाव अव्यवस्थेकडे, हे समीकरण इतकं रुळलेलं की गोंधळातून शिस्त निघेल असं म्हणणं म्हणजे नियमाच्या विरुद्ध साक्ष देण्यासारखं.

या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळायला त्यानंतर काही महिनेच लागले. बाटलीत दिसायला मात्र जवळजवळ तीस वर्षं गेली. आणि गंमत म्हणजे जे हवं होतं त्याच्या जवळपासचं काहीतरी लोक शतकानुशतकं अंगठीत घालून मिरवत होते.

ओपल या रत्नाची ख्याती त्याच्या रंगांवर आहे. खडा हलवला की हिरव्याचा निळा, निळ्याचा तांबडा. त्यात ना तांबं ना क्रोमियम. नुसती सिलिका आणि थोडं पाणी. मग रंग येतात कुठून? बंगळूरला सी. व्ही. रामन यांना रत्नांचा, शिंपल्यांचा, एकूणच रंग बदलणाऱ्या गोष्टींचा भारी नाद. १९५३ मध्ये त्यांनी ए. जयरामन यांच्याबरोबर ओपलवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. आत सिलिकाच्या दोन स्फटिकरूपांचे एकाआड एक पातळ थर असावेत आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून रंग उमटत असावेत, असा त्यांचा निष्कर्ष. आत काहीतरी नेमक्या अंतराने पुन्हा पुन्हा येतंय, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. ते 'काहीतरी' काय, तिथे मात्र अंदाज चुकला.

ते दिसलं मेलबर्नला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेत, सीएसआयआरओत, घर्षणाचा अभ्यास करणारा एक विभाग होता. तिथल्या जॉन सँडर्स यांनी ओपलचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत थर नव्हतेच. होते ते सिलिकाचे गोल, सगळे एका मापाचे, एकावर एक नीट रचलेले. गोलाचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, साधारण १५० ते ३५० नॅनोमीटर. म्हणजे प्रकाशलहरीच्या लांबीच्या निम्म्याच्या आसपास. म्हणूनच प्रकाश त्या रचनेवरून नेमका निवडून परत येतो. गोल मोठे असतील तर तांबडा रंगही दिसतो, बारीक असतील तर निळ्यावरच थांबतो. १९६४ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. ओपलच्या खाणीतले लोक बिनरंगी ओपलला 'पॉच' म्हणतात आणि बाजूला टाकतात. त्यातही गोल असतात, पण लहानमोठे किंवा अस्ताव्यस्त. मौल्यवान खडा आणि टाकाऊ दगड यांच्यात रसायनाचा फरक जवळजवळ नाही. आहे तो रचनेचा.

हे गोल कुणी रचले? कुणीच नाही. खडकांच्या भेगांतल्या सिलिकायुक्त पाण्यात ते तयार झाले आणि सावकाश बसत गेले, बसता बसता जागा धरत गेले. अशा बारीक कणांना पदार्थविज्ञानात कोलॉइड म्हणतात, शाळेच्या पुस्तकातलं कलिल. दूध, शाई, रंग, रक्त, सगळी त्यांचीच कुटुंबं. आणि त्यांचा एक गुण असा की ते कधी स्वस्थ बसत नाहीत. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागकणांतले सूक्ष्म कण पाण्यात थरथरताना पाहिले. सजीव म्हणून थरथरतात म्हणावं, तर त्याने काच, धातू, अगदी इजिप्तच्या स्फिंक्सच्या दगडाचा चुराही घालून पाहिला, तोही थरथरला. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी त्यांना धक्के देत असतात, हे गणिताने दाखवलं आइन्स्टाइनने, १९०५ मध्ये.

ते प्रयोगाने पक्कं करणारे पॅरिसचे झां पेरँ यांच्यापासून आपल्या गोष्टीतली खरी अडचण सुरू होते. पेरँ यांनी वापरला गॅम्बोज, चित्रकारांच्या पेटीतला एक पिवळा डिंक. हा डिंक गार्सिनिया गणातल्या झाडांचा. आपलं कोकम त्याच गणातलं. तो पाण्यात चोळला की गोल गोल कण सुटतात, पण सगळ्या मापांचे. पेरँ यांना एकाच मापाचे हवे होते. म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचं काढायचं, खालचं काढायचं, पुन्हा फिरवायचं. एक किलो गॅम्बोज घेऊन महिनोन्‌महिने रोज हे केल्यावर त्यांच्या हाती लागले ते ग्रॅमच्या काही दशांशाइतके सारखे कण. त्यांच्या जोरावर त्यांनी अणूंचं अस्तित्व शंकेच्या पलीकडे नेलं आणि १९२६ चं नोबेल मिळवलं. पण स्फटिक पाहायचा तर असे कण चमच्या-चमच्याने लागणार, आणि त्यांच्यात ओढही नसली पाहिजे.

माप सारखं असण्याचा प्रश्न सोडवला तो रसायनांच्या कारखान्याने, आणि तोही ओघात. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतल्या डाऊ केमिकल कंपनीच्या पॉलिस्टायरीनच्या एका घाण्यातले सगळे कण आश्चर्य वाटावं इतके एकाच व्यासाचे निघाले. दुधासारख्या दिसणाऱ्या या लॅटेक्सचा उपयोग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं माप जुळवायला होऊ लागला. थोड्याच वर्षांत लोकांच्या लक्षात आलं की हे दूध वाळलं की त्यात ओपलसारखे रंग खेळतात.

निसर्गानेही आपलं लॅटेक्स पाठवून दिलं. केंब्रिजला केनेथ स्मिथ यांच्या गटाला टिपुला नावाच्या लांबटांग्या माशीच्या काही अळ्या निळ्या झळाळताना सापडल्या. अळ्यांना विषाणूची लागण झाली होती, आणि ते विषाणू शरीरात खच्चून भरून स्फटिकासारखे रचले गेले होते. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात आरॉन क्लूग, रोझालिंड फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी या विषाणू-स्फटिकाची रचना काढली. एरवी या कामाला क्ष-किरण लागतात. इथे 'अणू' इतके मोठे की साधा डोळ्यांना दिसणारा प्रकाश पुरला. निबंध १९५९ मध्ये छापून आला तेव्हा फ्रँकलिन हयात नव्हत्या.

विषाणूंनीच तात्त्विक पातळीवरही पहिला धागा दिला होता. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारा विषाणू काठीसारखा असतो, लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी १८. १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये बॉडन, पिरी, बर्नाल आणि फँकुचेन यांना दिसलं की या विषाणूचं दाट द्रावण आपोआप दोन थरांत वेगळं होतं. वरच्या थरात काठ्या अस्ताव्यस्त, खालच्यात एका दिशेने. कारण बराच काळ ओढाताणीतच शोधलं गेलं. १९४९ मध्ये येलच्या लार्स ऑन्सागर यांनी दाखवलं की ओढ मुळी लागतच नाही. काठ्या एकमेकींतून आरपार जाऊ शकत नाहीत, एवढं एक बंधन पुरे. गर्दी वाढली की कुठल्याही दिशेला तोंड करायचं स्वातंत्र्य काठ्या सोडून देतात, आणि त्या बदल्यात सरकायला जागा मिळवतात. सौदा फायद्याचा ठरतो. पण काठी ती काठी; तिला दिशा असते. गोट्यांचं काय?

गोट्यांचा प्रश्न लावून धरला होता जॉन कर्कवुड यांनी. त्यांच्या समीकरणांतून १९४० च्या दशकातच असं सूचित होत होतं की एका ठरावीक घनतेनंतर कडक गोलांचा द्रव टिकू शकत नाही. मात्र ती समीकरणं अंदाजांच्या टेकूवर उभी होती, त्यामुळे विरोधकांना 'हा टेकूचा परिणाम' म्हणायला वाव होता. कॅलटेकमध्ये त्यांचा एक विद्यार्थी होता बर्नी ऑल्डर. जन्म जर्मनीतला, बालपण झुरिकला, आणि युद्धाच्या काळात कुटुंबासह अमेरिकेत आलेला. गुरूच्या अंदाजांवर विसंबण्यापेक्षा गोट्याच मोजू, असा त्याचा खाक्या.

मोजायला यंत्र लागणार होतं आणि ते होतं कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरला. ही प्रयोगशाळा १९५२ मध्ये अण्वस्त्रांसाठी उभारलेली, आणि तिथला युनिव्हॅक संगणकही त्याच कामाचा. ऑल्डर आणि टॉम वेनराइट यांनी त्या यंत्राला एक विलक्षण साधं काम दिलं. एका काल्पनिक पेटीत गोल ठेवायचे. प्रत्येक गोल सरळ रेषेत जातो. कोणते दोन गोल सर्वांत आधी आदळणार ते काढायचं. घड्याळ थेट त्या क्षणापर्यंत पुढे सरकवायचं. आदळल्यावर दोघांचे वेग बदलायचे. मग पुढची टक्कर शोधायची. न्यूटनच्या नियमांपलीकडे यात काही नाही, अंदाज तर नाहीच. टकरी मोजल्या की दाब मिळतो.

गोल होते ३२, दुसऱ्या संचात १०८. आजचा कुठलाही फोन याहून जास्त गोळे खेळात नाचवतो. पण त्या ३२ गोलांनी जे केलं ते कुणाच्या कल्पनेत नव्हतं. ठरावीक घनतेला दाब एका पातळीवर बराच वेळ स्थिर राही, मग अचानक उडी मारून दुसऱ्या पातळीवर जाई आणि तिथे रेंगाळे, पुन्हा परत. जागा तीच, गोल तेच, दोन वेगळ्या अवस्था. कमी दाबाच्या अवस्थेत प्रत्येक गोल आपल्या ठिकाणाभोवती घुटमळत होता. जास्त दाबाच्या अवस्थेत गोल पेटीभर भटकत होते. पहिली स्फटिकाची, दुसरी द्रवाची. पुढे त्यांनी गोलांचे मार्ग यंत्राच्या पडद्यावर उमटवून त्याची छायाचित्रं काढली. एकात सुटे सुटे गुंतवळ, दुसऱ्यात सगळाच गुंता. पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ती जोडी अजून छापली जाते.

आधी याच प्रश्नावर लॉस अ‍ॅलॅमॉसच्या लोकांनी मॉन्टे कार्लो या यदृच्छ आकड्यांच्या पद्धतीने गणित केलं होतं आणि त्यांना असं काही दिसलं नव्हतं. होबोकनला मतं फुटली त्यामागे हेही होतं. त्या गणिताला यंत्र अपुरं पडलं होतं. गोलांना पुरेसा वेळच मिळाला नव्हता. विल्यम वूड आणि जेकबसन यांनी नव्या आयबीएम ७०४ वर ते पुन्हा केलं, आणि उत्तर ऑल्डर-वेनराइट यांच्याशी जुळलं. दोन्ही टिपणं १९५७ सालीच 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स'च्या एकाच अंकात लागोपाठच्या पानांवर आली. प्रतिस्पर्ध्याचं उत्तर आपल्या चुकीच्या शेजारी छापून घेण्याचा हा उमदेपणा मला त्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

पुढे १९६८ मध्ये हूव्हर आणि री यांनी आकडे पक्के केले. एकूण जागेच्या ४९.४ टक्के गोलांनी व्यापली की गोठायला सुरुवात, ५४.५ टक्क्यांना सगळं स्फटिक. मधल्या पट्ट्यात द्रव आणि स्फटिक शेजारी-शेजारी नांदतात.

हे घडतं कसं? गोल जास्तीत जास्त दाट रचले तर जागेचा ७४ टक्के भाग भरतो. नुसते ओतून हलवून बसवले तर गाडी ६४ टक्क्यांच्या आसपास अडते. म्हणजे बेशिस्तीने वागलं तर लवकर कोंडी होते. लग्नाच्या मांडवात माणसं मिळेल तिथे बसली तर एकाचं कोपर दुसऱ्याच्या ताटात. तितकीच माणसं पंगतीने बसली तर प्रत्येकाला हात हलवायला जागा उरते. मांडवभर फिरायची मुभा गेली, पण आपल्या पानाभोवतीची मोकळीक वाढली. एन्ट्रॉपी मोजते ती शक्यतांची संख्या, दिसणारा पसारा नव्हे. गर्दी पुरेशी वाढली की पंगतीतल्या शक्यता गोंधळातल्या शक्यतांहून जास्त भरतात. तेव्हा गोल रांग धरतात ते एन्ट्रॉपीच्या नियमाला झुगारून नव्हे, तो पाळूनच.

कागदावर एवढं झालं तरी प्रयोगवाल्यांचं समाधान होईना. जगात खरोखर कडक गोल आहेत कुठे? लॅटेक्सचे कण पाण्यात विद्युतभारित होतात आणि एकमेकांना लांबूनच ढकलतात. जपानमध्ये हाचिसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अशा लॅटेक्सचे झळाळते स्फटिक बारकाईने अभ्यासले. पाण्यातले क्षार काढून टाकले की अगदी विरळ द्रावणातही रांगा लागायच्या, मीठ घातलं की विरघळायच्या. आपल्याकडे कल्पाक्कमला अजय सूद यांनी प्रकाशाच्या विकिरणातून याच जातीच्या स्फटिकांवर काम केलं. पण मूळ वाद तसाच राहिला. हे ऑल्डरचे स्फटिक, की विद्युतभाराची करामत? टीकाकारांना दुसरी बाजू सोपी वाटे.

निकाल लागला इंग्लंडमधल्या माल्व्हर्न गावी, रडारवर काम करणाऱ्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत. पीटर प्युसी आणि मेलबर्नहून आलेले बिल व्हान मेगन यांनी पाणीच बाजूला सारलं. त्यांनी वापरले अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचे गोल. रंगांच्या उद्योगात पाण्याऐवजी तेलकट द्रवात प्लास्टिकचे कण तयार करायची पद्धत बसवलेली होती; ब्रिस्टल विद्यापीठात रॉन ऑटेविल यांच्या गटाने ती एकसारख्या गोलांसाठी घोटली होती. गोलांवर सुमारे दहा नॅनोमीटर लांबीच्या रेणूंची दाट लव. दोन गोल जवळ आले की लव लवेवर आदळते आणि ते मागे फिरतात. लव इतकी आखूड की तिथवर पोचेपर्यंत एकमेकांचा पत्ताही लागत नाही. कडक गोलाच्या इतकं जवळ तोवर कुणी गेलं नव्हतं.

एक अडचण उरली होती. असं दाट द्रावण दुधासारखं पांढरं दिसतं. आत काय चाललंय ते कळणार कसं? त्यावर उपाय म्हणून डेकॅलिन आणि कार्बन डायसल्फाइड हे दोन द्रव अशा प्रमाणात मिसळले की मिश्रणात प्रकाश जितका वाकतो तितकाच गोलांतही वाकावा. मग गोल दिसेनासे होतात आणि द्रावण जवळजवळ पारदर्शक होतं. कार्बन डायसल्फाइड विषारी, पटकन पेट घेणारा आणि बहुधा सडक्या कोबीच्या वासाचा; तेव्हा बाटल्या घट्ट बंद.

अशा बाटल्यांची रांग त्यांनी लावली, प्रत्येकीत गोल आदल्या बाटलीपेक्षा थोडे जास्त. सगळ्या नीट हलवल्या आणि ठेवून दिल्या. काही दिवसांनी मागून पांढरा प्रकाश टाकून काढलेला फोटो १९८६ मध्ये 'नेचर'मध्ये आला. सर्वांत विरळ बाटलीत काही नाही, साधा द्रव. पुढच्या काहींत तळाशी रंगीत कणांचा थर, वर साधा द्रव, मध्ये स्पष्ट रेषा. आणि बाटलीगणिक ती रेषा एका मापाने वर चढत गेलेली. त्यापुढच्या बाटल्या तळापासून तोंडापर्यंत बारीक हिरव्या-तांबड्या ठिणग्यांनी भरलेल्या, प्रत्येक ठिणगी एक स्फटिक, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. संगणकाने सांगितलेला द्रव-स्फटिक सहवासाचा पट्टा जवळजवळ जसाच्या तसा काचेत उभा होता. कर्कवुड यांचं निधन १९५९ मध्येच झालं होतं. त्यांना छापील आकडे पाहायला मिळाले, बाटल्या नाहीत.

त्या फोटोत न मागितलेलंही काहीतरी होतं. अगदी शेवटच्या, सर्वांत दाट बाटल्यांत स्फटिक धड बनलेच नव्हते. गोलांनी ५८ टक्क्यांहून जास्त जागा व्यापली की ते एकमेकांत असे अडकतात की रांग धरायला लागणारी हालचालही करता येत नाही. गोंधळ जागच्या जागी थिजतो. ही काचेची अवस्था, आणि पुढची कित्येक वर्षं काच म्हणजे नेमकं काय या प्रश्नावर झगडणाऱ्यांनी याच गोलांवर काम केलं.

पण हे अडकणं खरं, की गुरुत्वाकर्षणाने घातलेला खोडा? गोल द्रवापेक्षा किंचित जड असतात आणि सावकाश खाली बसतात. प्रिन्स्टनचे पॉल चेकिन आणि विल्यम रसेल यांनी हा प्रश्न अवकाशात नेला. ऑक्टोबर १९९५ मध्ये कोलंबिया यानातून नमुने वर गेले आणि मोहीम सोळा दिवसांच्या आसपास चालली. पृथ्वीवर वर्षभराहून जास्त काळ काच म्हणून राहिलेल्या नमुन्याने अवकाशात दोन आठवड्यांच्या आत स्फटिक धरले. शिवाय तिथे स्फटिकांना फांद्या फुटल्या, हिमकणांना फुटतात तशा. पृथ्वीवर त्या दिसत नव्हत्या. सूक्ष्म गोल अवकाशात नेण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. १९८० च्या दशकात जॉन व्हँडरहॉफ यांच्या गटाने शटलमध्ये दहा मायक्रॉनचे बिनचूक गोल बनवले होते, आणि १९८५ पासून अमेरिकेच्या मानक संस्थेने ते मोजमापासाठी विकायला ठेवले. अवकाशात बनून पृथ्वीवर विकली गेलेली ती पहिली वस्तू.

या सगळ्यातून हाती काय आलं, याचा हिशेब सरसकट मांडता येत नाही.

विचारांच्या पातळीवरचा लाभ निर्विवाद. रचना हवी तर ओढ हवी, ही समजूत मोडली. याचा सुंदर पडताळा पुन्हा ओपलनेच दिला. १९७८ मध्ये सँडर्स आणि मरे यांना ब्राझीलच्या ओपलमध्ये दोन मापांचे गोल एकत्र रचलेले सापडले. एका मांडणीत मोठ्या गोलामागे दोन लहान, दुसरीत तब्बल तेरा. इतकी गुंतागुंतीची मांडणी ओढीशिवाय कशी होईल? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्युसी आणि ऑटेविल यांच्या गटांनी कडक गोलांच्या मिश्रणात तीच तेराची मांडणी मिळवली, आणि डान फ्रेंकेल व सहकाऱ्यांनी संगणकावर दाखवलं की त्यालाही निव्वळ एन्ट्रॉपी पुरते.

तंत्रज्ञानाचा हिशेब मात्र आशेच्या मानाने तोकडा. १९८७ मध्ये एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की योग्य रचनेचा पदार्थ ठरावीक रंगाच्या प्रकाशाला सर्व दिशांनी मज्जाव करू शकेल. सेमीकंडक्टर इलेक्ट्रॉनला वेसण घालतो, तशी प्रकाशाला. मग सगळ्यांना ओपल आठवला; गोल आपोआप रचले जाताहेत, तर प्रकाशाच्या चिप फुकटात बनतील! लवकरच दोन गोष्टी कळल्या. एक, ओपलची मांडणी त्यासाठी पुरेशी नाही. हिऱ्यातल्या अणूंसारखी मोकळी मांडणी लागते, आणि गर्दीतले गोल तशी कधीच धरत नाहीत. दोन, आपोआप बनणाऱ्या स्फटिकांत भेगा आणि चुकलेले थर फार. ओपलमधल्या फटी दुसऱ्या पदार्थाने भरून गोल काढून टाकायची युक्ती निघाली आणि २००० मध्ये सिलिकॉनचा असा उलटा ओपलही बनला. चिपचे कारखाने तरीही प्रकाशाने कोरण्याच्याच जुन्या वाटेने जात राहिले. सर्वांत चोख धंदा बहुधा कृत्रिम ओपलचाच झाला: ऑस्ट्रेलियन संशोधनाने गुपित उलगडलं आणि १९७० च्या दशकात पिएर झिल्सन यांनी प्रयोगशाळेत वाढवलेले खडे बाजारात आणले.

मग काहींनी ओढ परत आणली, पण निवडक. १९९६ च्या ऑगस्टमध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात चॅड मर्किन आणि पॉल अलिविसाटोस यांच्या गटांनी सोन्याच्या कणांवर डीएनएचे धागे बसवून दाखवले. जुळणारा धागा भेटला तरच कण जोडला जातो. २००८ पर्यंत या पद्धतीने खरे त्रिमितीय स्फटिक मिळाले. आणि २०२० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात डेव्हिड पाइन यांच्या गटाने कणांना खाचा आणि डीएनएचे ठिपके देऊन अखेर हिऱ्याची मांडणी साधली. कण स्वतःच रचले जातात हे खरं, पण कुठे वळायचं ते त्यांच्या अंगावर आधीच लिहून ठेवलेलं असतं.

मूळच्या साध्या कडक गोलांचा एक प्रश्न मात्र सुटायचं नाव घेत नाही. स्फटिकाचं पहिलं बीज पडायला किती वेळ लागावा, याचं गणित २००१ मध्ये स्टीफन आउअर आणि फ्रेंकेल यांनी केलं. गोठणबिंदूच्या थोडं पुढे, जिथे गर्दी अजून बेताची असते, तिथे प्रयोगातली बीजं गणितापेक्षा अब्जावधी पटींनी लवकर पडतात. कुणी बोट दाखवतं गोल खाली बसण्याकडे, कुणी त्यांच्यामधल्या द्रवाच्या प्रवाहाकडे, कुणी मापातल्या बारीक फरकाकडे. पदार्थविज्ञानात इतक्या साध्या वस्तूबद्दल इतका मोठा मतभेद क्वचितच आढळतो, आणि दोन्ही बाजूंचे निबंध अजून येतच आहेत.